पोटाखालचं तणीस

सावली, ३ नोव्हेंबर

रिना,

जय भीम. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे, ती मी आज मोडली आहे.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, तुझ्या व्हिडिओखाली लिहायची सोयही काढून घेतलीस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे कागदावर. तुझ्या पुण्यातल्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही. ‘चक्रवेध’च्या ऑफिसचा पत्ता मासिकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो, तो चष्मा लावून शोधला. पाकिटावर ‘खासगी’ लिहिलं आहे. तरी कोणी उघडलंच तर उघडू दे. मोठ्या बहिणीने धाकटीला चार शब्द सुनावले, यात लपवण्यासारखं काही नाही.

तू कशावर रागावलीस ते मला माहीत आहे. तेवरा गाडीच्या तुझ्या व्हिडिओखाली मी लिहिलं होतं, ‘या मॅडमनी स्वतःच्या वडिलांची जीप दोनदा नाल्यात घातली आहे, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली किती जागा असावी हे यांना चांगलंच कळतं.’ ते अकराशे लोकांना आवडलं, त्याला मी काय करणार? एक दुरुस्ती मात्र करते. जीप नाल्यात तू एकदाच घातलीस. दुसऱ्या वेळी बाबांनी वेळेवर ब्रेक मारला.

पण मुळात तुला हीच गाडी सापडली का? बाजारात छोट्या एसयूव्ही पंधरा-वीस तरी असतील. मी मे महिन्यात तेवरा घेतली. बारा वर्षं कृषी सहायक म्हणून स्कूटीवर गावोगाव फिरले, तेव्हा कुठे घेतली. अख्ख्या घराण्यात नवी कोरी गाडी दारात आणणारी पहिली मी. आणि ऑगस्टच्या अंकात तुझं परीक्षण, पाचपैकी अडीच तारे. मला वाटलं छपाईची चूक असेल. मग व्हिडिओ लावला, तर त्यातही अडीचच.

मालक म्हणून माझं म्हणणं ऐक. तू म्हणतेस डिकी लहान आहे, दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. आमच्याकडे बॅगा घेऊन कोण जातं? माझ्या डिकीत धानाच्या बियाण्याच्या सहा थैल्या, फवारणीचा पंप आणि वर टोपलीभर टमाटर बसतात. तू म्हणतेस मागे तिघांना अडचण होते. मागच्या महिन्यात मूल गावच्या शेतकरी मेळाव्याला मी मागे पाच बाया बसवून नेल्या. एकीनेही तक्रार केली नाही, उलट गात गेल्या. तू म्हणतेस पडद्यावर बोटांचे ठसे उमटतात. आलापल्लीच्या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून एकदा चालवून बघ. आरशात आपलं तोंडसुद्धा लाल दिसतं, तिथे ठसे कोण मोजत बसतं?

आणि खरं सांगू का, तुम्ही लोक दर आठवड्याला नव्या गाडीत बसता, चार दिवस फिरवता आणि परत देऊन टाकता. गाडी जुनी होताना तुम्ही बघतच नाही. पहिला ओरखडा कुठे पडला, कोणाच्या बैलगाडीने पडला, त्या दिवशी आपण कोणत्या गावाला निघालो होतो, हे मालकाला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तुला एकाही गाडीचा ओरखडा आठवत नसेल.

हे सगळं मी गिळलं असतं. पण सहाव्या मिनिटाला तू स्टीअरिंगवर हात ठेवून कॅमेऱ्यात बघत म्हणालीस, ‘माझे बाबा सिंदेवाही-सावली लाईनीवर काळी-पिवळी जीप चालवायचे. मांडीवर बसवून त्यांनी मला गाडी शिकवली.’ तिथे मी व्हिडिओ बंद केला आणि कमेंट लिहायला घेतली.

माझे बाबा. तुझे एकटीचे? तू पुण्यात जाऊन नऊ वर्षं झाली. आई गेल्यापासून त्यांच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, गुडघ्याचं तेल, सकाळचा बिनसाखरेचा चहा आणि त्यावरचं रोजचं भांडण, सगळं माझ्याकडे आहे. मांडीवर तुला बसवलं हे खोटं नाही. मला कुठे बसवलं होतं ते मात्र तू सांगितलं नाहीस.

तुझा लेख बाबांनी सलूनमध्ये वाचून दाखवला, चहाच्या टपरीवर दाखवला, विहारातल्या मंडळींना दाखवला. व्हिडिओ बघायचा म्हणतात, पण त्यांच्या साध्या फोनवर दिसत नाही, आणि माझ्या फोनवर मी दाखवत नाही. माझ्या गाडीत ते बसतात, पण मागे. मे महिन्यापासून आजपर्यंत गाडी चांगली आहे असा एक शब्द त्यांच्या तोंडून निघालेला नाही. विचारलं तर म्हणतात, ‘रिनानं लिवलं हाय ना सगळं.’

मला तारे नकोत, रिना. मला तेवढा एक शब्द हवा आहे, आणि तो तुझ्या अडीच ताऱ्यांखाली अडकून पडला आहे.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

उर्वशी

*

सावली, १७ नोव्हेंबर

रिना,

‘चक्रवेध’चा नवा अंक आला. ‘मालकांचा कट्टा’ या पानावर पहिलंच पत्र माझं आहे. सप्टेंबरात पाठवलं होतं. तू ते छापू देणार नाहीस अशी माझी खात्री होती. एक शब्दही कापलेला नाही. फोटोही छापला आहे, त्यात गाडी चांगली आली आहे, मी बरी आले आहे.

मी अंक मुद्दाम बाबांच्या चहाशेजारी ठेवला. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, ‘उर्वशी, खळ्यावर कधी नेली तू?’

कारण त्यात मी लिहिलं आहे, ‘परीक्षणात काही म्हणोत, मी तेवरा धानाच्या खळ्यावरसुद्धा फिरवली आहे, गाडीने हूं की चूं केलं नाही.’

मी म्हटलं, ‘नेली होती.’

‘अजून तं धान उभा हाय,’ बाबा म्हणाले.

कणीक मळायची आहे असं सांगून मी आत गेले.

तर ते मी थोडं आगाऊ लिहिलं होतं. तुझ्याजवळ कबूल करायला हरकत नाही, कारण ते तुझ्यामुळेच लिहावं लागलं. तुझ्या लेखाचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. ‘झाडीपट्टीत धान चुरायला गाडी फिरवतात, तिथे ही गाडी नेऊ नका, हिचं पोट खाली आहे.’ पुण्या-मुंबईच्या वाचकांत धान कोण चुरतं? ते वाक्य तू माझ्या एकटीसाठी लिहिलंस आणि मला ते बरोबर पोचलं.

तुला ती चुरणी आठवत असेल. बाबांच्या दुपारच्या फेऱ्या संपल्या की जीप कोणाच्या तरी खळ्यावर जायची. कापलेलं धान गोल पसरून ठेवलेलं असायचं आणि त्यावरून जीप गोल गोल फिरायची. चाकांखाली दाणा सुटायचा, तणीस वर राहायचं. बायका कौतुकाने म्हणायच्या, ‘बापूरावची पोरगी जीप चालोते वं.’ ती पोरगी तू. बाबांच्या मांडीवर, दोन्ही हात स्टीअरिंगवर, दोन वेण्या आणि लाल रिबिनी.

दुसरी पोरगी कुठे होती हे कोणी विचारायचं नाही. दर दहा फेऱ्यांनी बाबा खिडकीतून हात वर करायचे, जीप थांबवायचे आणि म्हणायचे, ‘जाय वं उर्वशी.’ मग मी पोटावर सरपटत जीपखाली जायची आणि चाकांमधल्या दांड्याला गुंडाळलेलं तणीस ओढून काढायची. मानेत कुसळं जायची. ऑईल केसांवर ठिबकायचं. तापलेलं लोखंड दंडाला लागायचं, त्याचा एक डाग अजून आहे. तिथून मला चार चाकं आणि लोकांचे पाय एवढंच दिसायचं, आणि वरून तुझं हसणं ऐकू यायचं. तू आठ वर्षांची होतीस, मी बारा. तेव्हापासून मला तुझा हेवा वाटतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, पण तुला ते माहीत असणार.

असो. दुसरी बातमी अशी की तुझ्या वर्गातला धनराज आता इथे बियाणं-खतांचं दुकान चालवतो. त्याने तेवरा घेतली, पांढरी. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, ‘ताई, रिनाचंबी वाचलं आन् तुमचंबी वाचलं. रिनाचं सोडून देल्लं.’ पेढा नेहमीच्याच दुकानातला होता, पण इतका गोड मला कधी लागला नव्हता. जाताना मात्र त्याने विचारलं, ‘खळ्यावर खरंच चालते ना ताई? माह्या सासऱ्याकडं चार एकराचा चुरणा हाय.’

मी म्हटलं, ‘चालते.’

आता ते खरं करणं भाग आहे. शेजारच्या लटारूभाऊंचं हलकं, लवकर येणारं धान तेवढं कापून झालं आहे आणि मळणीचं मशीन पंधरा दिवस तरी मिळत नाही. बघू.

उर्वशी

*

सावली, १ डिसेंबर

रिना,

तुझं काही उत्तर नाही. असू दे.

थंडी चांगलीच पडली आहे. बाबांचा फोन बंद लागत असेल. बॅटरी फुगली म्हणून दुकानात टाकला आहे. काळजी करू नको, ते बरे आहेत. चुलीजवळ हाताला थोडं भाजलं आहे. भाकरी मी भरवते, म्हणजे मी करते आणि ते खातात.

गाडी लटारूभाऊंच्या अंगणात उभी आहे. आपल्या घरासमोर नालीचं काम चालू आहे म्हणून.

खळ्यावर नेली का, असं तू विचारशील. नेली. बावीस फेऱ्या झाल्या. धान बरं चुरलं गेलं.

एक सहज विचारायचं होतं. तुमच्या मासिकात छापून आलेलं पत्र एखाद्याला मागे घ्यायचं असेल तर काय करावं लागतं? माझ्या ओळखीतली एक बाई विचारत होती.

उर्वशी

*

गडचिरोली, ८ डिसेंबर

रिना,

सप्रेम जय भीम.

मागच्या पत्रात थंडी आणि बावीस फेऱ्या एवढंच खरं होतं. बाकीचं सगळं खोटं. ते पत्रही सावलीहून लिहिलेलं नाही, इथेच दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी बसून लिहिलं आणि वर सावली टाकलं. आता नीट सांगते. आधी एवढं वाच की बाबांच्या जिवाला धोका नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं.

तुझं उत्तर आलं होतं. २४ नोव्हेंबरला पोस्टकार्ड आलं. ‘ताई, आधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघ. मग भांड.’ एवढंच. मला वाटलं, हिला अजून आपलंच कौतुक ऐकवायचं आहे. मी ते कार्ड पिठाच्या डब्याखाली सारलं. व्हिडिओ बघितला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून लटारूभाऊंच्या खळ्यावर गेले.

लटारूभाऊ कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरले. म्हणाले, ‘बापूरावच्या जीपीनं माहा सारा धान चुरला होता. तुही का निसती फोटोतली होय?’

बाबा माझ्यामागून चालत आले होते. ते म्हणाले, ‘नको नेऊ उर्वशी. पोट खाली हाय तिचं.’

‘काऊन? रिनानं सांगतलं म्हणून?’

‘रिनाचं सोड. मीनं सोताच पाह्यलं खाली वाकून. मे मैन्यातच पाह्यलं.’

‘मंग तवाच काऊन नाई सांगतलं?’

‘तुले खराब वाटन म्हणून.’

हे वाक्य मी ऐकलं आणि काच वर केली. ते माझ्या डोक्यात शिरलं दोन दिवसांनी, इथे. सहा महिने बाबा माझ्या गाडीबद्दल गप्प का होते, ते त्यात होतं.

मी फिरवायला सुरुवात केली. खरं सांगते, मजा आली. धान चाकांखाली कुरकुरत होतं, बाया बघत होत्या, लटारूभाऊ काठीने तणीस उलथत होते. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा बाबांनी खळ्याच्या कडेवरून हात वर केला. त्या हाताचा अर्थ या जगात माझ्याइतका कोणालाच माहीत नाही. मी थांबले नाही. तुझ्यासाठी जीप थांबायची नाही, माझ्यासाठी थांबायची, आणि थांबली की मला खाली जावं लागायचं. आज मी वर होते. पंधराव्या फेरीला त्यांनी पुन्हा हात केला. अठराव्या फेरीला वास आला. मला वाटलं क्लच तापला असेल. बाविसाव्या फेरीला पुढे धूर दिसला आणि मी घाबरून ब्रेक मारला, तोही भर तणसात.

बाबांनी काठी टाकली, आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याला खाटेवरून उठायला माझा खांदा लागतो. उघड्या हातांनी ते पेटलेलं तणीस ओढून काढत होते. मला त्यांचे पाय दिसत होते, एका पायातली चप्पल निघालेली.

आता जे लिहिते ते कोणाला सांगू नका म्हणून मी लटारूभाऊंनाही विनवलं आहे. इंजिन चालू होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि माझा पाय क्लचवर होता. तो सुटला असता तर पुढे काय झालं असतं ते मी रोज बघते. लटारूभाऊ दार उघडून ‘चावी कुठी हाय, चावी कुठी हाय’ म्हणत स्टीअरिंगखाली चाचपत होते. ही गाडी चावीने बंद होत नाही, बटणाने होते, आणि ते बटण माझ्या डोळ्यांसमोर होतं. शेवटी मीच दाबलं. किती वेळाने, ते मला सांगता येत नाही.

मग बायांनी हौदातलं पाणी आणलं, ओली पोती टाकली. बाबांना पाय धरून बाहेर ओढलं. १०८ आली. वैनगंगेचा पूल ओलांडताना बाबा मला विचारत होते, ‘लटारूचा धान तं नाई जळला ना?’ दोन्ही हात भाजले आहेत, उजवा मनगटापर्यंत. डॉक्टर म्हणतात बोटं वळतील, पण दीड-दोन महिने जातील. त्यांचा फोन खिशातून पडून तिथेच जळाला. तू काळजीने लटारूभाऊंना फोन केला होतास असं ते म्हणाले. त्यांनी तुला ‘बापूराव बरा हाय’ सांगितलं, कारण मी तसं सांगायला लावलं होतं.

मला भीती होती की तू येशील, दाराशी उभी राहून ‘मी लिहिलंच होतं’ म्हणशील, आणि बाबा तुझ्याकडे बघून हसतील. बाप भाजून पडलेला आणि माझ्या डोक्यात हे.

परवा सहा डिसेंबर होता. वॉर्डातल्या एका सिस्टरने टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्ती लावली. बाबा उठून बसले. त्यांना हात जोडता येईनात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या पट्ट्या बांधलेल्या हातांना दोन्ही बाजूंनी माझे हात लावले आणि हळूच जवळ आणले.

मग ते म्हणाले, ‘आज तरी रिनाचा तो व्हिडिओ दाखव मले.’

नाही म्हणायला तोंड नव्हतं. फोन मी त्यांच्यासमोर धरला. सहाव्या मिनिटाला तू ‘माझे बाबा’ म्हणालीस तेव्हा ते हसले आणि मी खिडकीकडे बघितलं. पण हात माझा होता, फोन सोडून जाता येत नव्हतं. त्यामुळे पुढचं ऐकावं लागलं.

अकराव्या मिनिटाला तू जे बोललीस ते मी इथे उतरवून काढते, कारण तुला ते आठवत नसेल. तू शंभर गाड्यांबद्दल बोलतेस.

‘धान चुरताना तणीस गाडीच्या खाली गुंडाळलं जातं. आमच्या जीपला कधी काही झालं नाही, कारण दर दहा फेऱ्यांनी माझी ताई खाली शिरून ते काढायची. ती खाली असली की बाबा इंजिन बंद करायचे, चावी काढून दातात धरायचे आणि मला दोन्ही हात वर करायला लावायचे. कशालाच हात लावायचा नाही, ताई खाली आहे, म्हणायचे. ती बाहेर येऊन कपडे झटकेपर्यंत चावी दातातच. आज मी गाड्यांना सेफ्टीचे तारे देते, पण इतकी काळजी घेताना मी कोणाला पाहिलं नाही. तुमच्या घरी माझ्या ताईसारखं माणूस नसेल, तर ही गाडी खळ्यावर नेऊ नका.’

व्हिडिओ संपला. बाबा म्हणाले, ‘लोखंडाची चव लागे तोंडात. जेवतानीबी लागे.’

मला हे माहीत नव्हतं, रिना. खालून ते दिसत नव्हतं. मला चाकं दिसायची, पाय दिसायचे, तुझं हसणं ऐकू यायचं. वर माझ्यासाठी एक माणूस चावी दातात धरून बसलेला आहे आणि एक पोरगी हात वर करून बसली आहे, हे मला कोणी सांगितलं नाही. मी पंचवीस वर्षं त्या मांडीचा हेवा केला. आजही तुझा हेवा वाटतो, पण त्या मांडीसाठी नाही. तुला ते रोज दिसत होतं, यासाठी.

मी बाबांना विचारलं, ‘माही गाडी कशी हाय, आता तं सांगा.’

ते म्हणाले, ‘चांगली हाय वं. खळ्याची नाई, येवढंच.’

तो शब्द मिळाला. मी उठून वॉर्डाच्या टोकाच्या नळावर गेले आणि तोंड धुतलं. खूप वेळ धुतलं.

आता कामाचं. धनराजला फोन करून सगळं सांगितलं. त्याने सासऱ्याकडे गाडी नेली नव्हती. रविवारी नेणार होता. ‘बरं ताई’ म्हणून त्याने फोन ठेवला आणि ते मला जास्त लागलं. सोबत ‘मालकांचा कट्टा’साठी दुसरं पत्र जोडलं आहे. पहिलं जिथे छापलं तिथेच छापा, कापू नका. त्यातला मजकूर असा:

‘मागच्या अंकात मी लिहिलं होतं की तेवरा धानाच्या खळ्यावर फिरवली आणि काही झालं नाही. ते लिहिलं तेव्हा मी ती फिरवलीच नव्हती. नंतर फिरवली, तणसाने पेट घेतला आणि माझ्या वडिलांचे दोन्ही हात भाजले. परीक्षण लिहिणारीने हे आधीच सांगितलं होतं. मी तिचा व्हिडिओ अर्धाच बघून भांडायला गेले होते. पोट खाली असलेली कोणतीही गाडी तणसावर नेऊ नका. चुकून नेली आणि वास आला, तर तणसाच्या बाहेर काढून मगच थांबवा, इंजिन बंद करा आणि सगळे दूर व्हा. कोणालाही खाली जाऊ देऊ नका. – उर्वशी, मालक, सावली.’

डिकीबद्दलचं माझं मत मात्र मी मागे घेत नाही. सहा थैल्या बसतात.

शेवटचं एक. बाबांना तुझ्याशी बोलायचं आहे. दुसऱ्या कोणाचा फोन मागून लावता आला असता, पण फोनवर मी पुन्हा काहीतरी लपवलं असतं, म्हणून हे आधी लिहून स्पीड पोस्टाने पाठवते. वाचून झालं की मला ब्लॉकमधून काढ आणि फोन कर. त्यांना फोन धरता येत नाही, त्यामुळे कानाशी मीच धरीन. तुम्ही दोघं गाड्यांचं बोलाल, नव्या इंजिनांचं, ताऱ्यांचं. मला ते सगळं ऐकू येईल आणि हेवाही वाटेल, तो एवढ्यात जायचा नाही.

पण तुमचं बोलणं संपेपर्यंत मी हात हलू देणार नाही.

तुझी
ताई